मॉडेल कारचा शेवटचा हात: कॅनचं क्लिअर की टू-के, फॉइल की क्रोम पेन?

रंग बसला, डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-अक्षरं) लागले. आता १/२४ ची (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी) मॉडेल गाडी शोकेसमध्ये जायला दोन निर्णय उरतात: वरून क्लिअर, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, कोणतं मारायचं आणि खिडक्यांच्या कडांना क्रोम कशानं द्यायचा. किटसोबतच्या कागदावर जालन्याचा मे महिना धरलेला नसतो, म्हणून हे लिहितोय.

आधी क्लिअर. एक मार्ग म्हणजे तामिया या मॉडेल कंपनीच्या टीएस-१३ सारखा लॅकरचा स्प्रे कॅन. एअरब्रश लागत नाही, कॉम्प्रेसर लागत नाही. दुसरा मार्ग टू-के, म्हणजे डेंटिंग-पेंटिंगवाले खऱ्या गाडीला हार्डनर घालून मारतात ते. लॅकरमधला सॉल्व्हंट उडून जातो आणि थर वाळतो; टू-केचा थर हार्डनरशी क्रिया होऊन पक्का होतो. म्हणूनच त्याची चमक खोल दिसते आणि नंतर थिनरचा हात लागला तरी तो सहज बधत नाही.

तरीही घरात टू-के नकोच. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे थोड्याशा वाफेनंही दम्याचा झटका येऊ शकतो. तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून भागत नाही. दोन खोल्यांच्या घरात, लेकरं आजूबाजूला असताना, हे काम कोणीही करू नये. फारच हवं असेल तर ओळखीच्या पेंटरकडून त्याच्या बूथमध्ये मारून घ्या. थर पातळ हवा हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दरवाज्यांच्या रेषा बुजतात.

कॅनचे त्रास वेगळे आहेत. माझ्या पहिल्या गाडीवर मी एकदम ओला थर दिला आणि बॉनेटवरचं डेकल सुरकुतलं, कारण लॅकरचा सॉल्व्हंट डेकलला खातो. डेकल रात्रभर वाळू द्या. मग धुक्यासारखे हलके दोन-तीन हात मारा, मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि ओला थर सगळ्यात शेवटी द्या. पारा ४० च्या वर असला की फवारा गाडीपर्यंत पोचता पोचता सुकतो आणि पृष्ठभाग मोसंबीच्या सालीसारखा होतो. उकडतंय म्हणून कूलर चालू ठेवला तर दमट हवेनं लॅकरवर पांढुरकी झाक येते. पावसाळ्याच्या झडीतही तेच होतं. सगळ्यात चांगली वेळ दिवाळीनंतरची. उन्हाळ्यात मारायचंच असेल तर पहाटे, कूलर बंद करून मारा. वरून मोठं पातेलं पालथं घाला, खाली काडी सरकवून थोडी फट ठेवा, म्हणजे धूळ बसत नाही आणि वाफही कोंडत नाही.

साल आलीच तर आठवडाभर थांबून २००० चा पाणीपेपर आणि मग कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट. कडांवर हात हलका ठेवा, तिथलं क्लिअर लगेच उडतं. क्लिअरशिवाय नुसतं पॉलिश पांढऱ्या-लाल अशा साध्या रंगावर जमतं. मेटॅलिकवर जमत नाही, कण घासले जाऊन डाग पडतात.

आता क्रोम. बेअर-मेटल फॉइल हा धातूचाच पातळ पापुद्रा आहे, त्यामुळे दिसतोही धातूसारखाच. तो काडीनं रेषेत दाबायचा आणि कोऱ्या ब्लेडनं कापायचा. ब्लेड बोथट असलं तर फाटतो. मोलोटोचा क्रोम पेन सोपा आणि आरशासारखा चमकतो, पण बोट लागलं की ती चमक मंदावते आणि त्यावर क्लिअर मारलं तर करडी पडते. म्हणून पेनाचं काम सगळ्यात शेवटी. लांब पट्ट्यांना फॉइल आणि दाराच्या मुठी, दिव्यांच्या रिंगा, नावाची अक्षरं यांना पेन, असं मी वापरतो. दोन्ही घेणं जमत नसेल तर गाडी पाहून ठरवा. १९५०-६० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्यांवर क्रोम भरपूर असतो, तिथे फॉइलच घ्या. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांच्या खिडक्यांना काळीच कड असते. त्यांना सेमी-ग्लॉस काळा रंग आणि पेन पुरतो.

काच बसवताना मात्र निवडीचा प्रश्नच नाही. सुपरग्लूच्या वाफेनं काचेवर पांढरं सावट येतं. साधं पांढरं फेव्हिकॉल काडीनं लावा. वाळल्यावर पारदर्शक होतं आणि ओलं असताना जास्तीचं कापसानं पुसून निघतं.