वेदनाशामक वनस्पतीची चाचणी: रायथिंग, हॉट प्लेट, पंजाची सूज की फॉर्मलिन?

अर्क तयार आहे, वनस्पती दुखण्यावर आणि सुजेवर पूर्वापार वापरात आहे, पण प्राणी आणि पैसा दोन्ही मोजकेच. मग कोणती चाचणी निवडायची?

सगळ्यांत सोपी रायथिंग. उंदराच्या पोटात पातळ ॲसेटिक ॲसिड टोचायचं आणि तो किती वेळा पोट आवळून अंग ताणतो ते मोजायचं. सौम्य वेदनाशामकही यात सापडतं. पण गुंगी आणणारं किंवा स्नायू सैल करणारं द्रव्यही इथे वेदनाशामक ठरतं. म्हणून नुसत्या रायथिंगवर काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. प्राणी रोटारॉडवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, तोल सांभाळतो का, हे सोबत पाहायलाच हवं.

हॉट प्लेटचं उलट आहे. प्राण्याला साधारण ५५ अंशांच्या पृष्ठभागावर ठेवून तो किती वेळाने पंजा चाटतो किंवा उडी मारतो ते पाहायचं. यात मॉर्फिनसारखी द्रव्यं ठळक दिसतात, ॲस्पिरिनच्या जातीची सहसा दिसत नाहीत. इथे काही दिसलं नाही म्हणून वनस्पती बाद करू नका.

सुजेसाठी १९६२ पासून रुळलेली कॅरेजीननची (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, सूज आणणाऱ्या पदार्थाची) चाचणी घ्या. रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) तळव्यात १ टक्का द्रावण ०.१ मिली टोचून प्लेथिस्मोमीटरने पंजाचं आकारमान तासातासाला मोजतात. सूज आणणाऱ्या शरीरातल्या रसायनांपैकी सुरुवातीला हिस्टामिन आणि सेरोटोनिनचा जोर असतो, तिसऱ्या तासाच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिनचा. फक्त तिसऱ्या तासाची नोंद घेतली तर अर्क नेमका कुठे काम करतो ते कळतच नाही. मात्र ही तात्पुरती सूज आहे. जुन्या संधिवाताचा दावा यावरून करू नये.

एकच चाचणी परवडणार असेल तर मी फॉर्मलिन घेईन. यात पंजात पातळ फॉर्मलिन टोचून प्राणी तो पंजा किती सेकंद चाटतो ते मोजतात. पहिल्या पाच मिनिटांतली वेदना थेट मज्जातंतूंची, साधारण १५ ते ३० मिनिटांमधली मुख्यतः दाहाची. दोन्ही उत्तरं एकाच प्राण्यात मिळतात. वेदना तीव्र असते, म्हणून प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवा, आणि पंजा चाटण्याचे सेकंद मोजणाऱ्याला कोणता गट कुठला हे कळू देऊ नका.

प्राण्यांआधी मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी दाहात जे नायट्रिक ऑक्साइड बनवतात ते मोजून चाळणी लावता येते. पण आधी पेशी जिवंत आहेत का ते तपासा. मेलेल्या पेशीही नायट्रिक ऑक्साइड कमीच बनवतात. एन्झाइमवरच्या चाचणीत टॅनिनयुक्त (तुरट द्रव्यं असलेले) अर्क तर प्रथिनांना चिकटून एन्झाइम रोखल्याचा आभास निर्माण करतात.

चाचणी कुठलीही घ्या, लोक काढा पीत असतील तर पाण्यातलाच अर्क तोंडावाटे द्या. मिथेनॉलचा अर्क पोटात टोचून आलेला आकडा त्या काढ्याबद्दल फारसं काही सांगत नाही.