सहा महिन्यांत ‘शासनमान्य’ नर्सिंग असिस्टंट: पुण्यात माझी फसवणूक कशी झाली

बारावीचा निकाल लागला की स्वारगेटच्या एसटी स्टँडबाहेर पत्रकं वाटणारी मुलं उभी राहतात. हातात पिशवी, सोबत आई नाहीतर मामा, असं कोणी दिसलं की ती बरोबर गाठतात. मलाही तसंच गाठलं होतं. ‘सहा महिन्यांत नर्सिंग असिस्टंट व्हा. शासनमान्य सर्टिफिकेट. नोकरीची १०० टक्के हमी. पगार १८,००० ते २५,०००.’ ते पत्रक मी अजून जपून ठेवलंय, कारण तक्रार अर्जाला त्याचीच प्रत जोडली आहे.

मी भोर तालुक्यातली. बारावी आर्ट्स. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा ससूनला त्यांच्यापाशी १९ दिवस होते. तिथल्या एका सिस्टरनी मला दर दोन तासांनी त्यांची कूस कशी बदलायची, टाचांखाली आधार कसा द्यायचा, पाठ कोरडी कशी ठेवायची हे सगळं हाताला धरून शिकवलं. वडिलांना एकही बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही. तेव्हाच ठरवलं होतं, आपण हेच काम करायचं. हे मुद्दाम सांगतेय, कारण आम्ही पगाराच्या लोभापायी फसलो असं नातेवाईक म्हणतात आणि ते मला फार लागतं. क्लासमध्ये असलेल्या बहुतेक मुलींच्या घरी कोणी ना कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं.

त्या क्लासचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. पांढरा कोट घातलेल्या एक काउन्सेलर मॅडम बोलायला बसल्या. मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, शासनमान्य आहे ना पण?” त्यांनी उत्तर न देता मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे तीन फ्रेम होत्या. अशोकस्तंभ दिसला आणि मामा गप्प झाले. मीही झाले.

त्या फ्रेममध्ये काय होतं ते सगळं प्रकरण हाताबाहेर गेल्यावर कळलं. पहिलं होतं उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र. ते कोणत्याही छोट्या व्यवसायाला आधार नंबर टाकून, एक रुपया न भरता, स्वतःच माहिती भरून ऑनलाइन मिळतं. पिठाच्या गिरणीलाही मिळतं. दुसरा कागद दुकान व आस्थापना कायद्याखालचा, म्हणजे ज्याला आपण शॉप अ‍ॅक्ट म्हणतो तो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे कामगार थोडे असतील तर नुसती सूचना द्यायची असते, त्याची ती पावती होती. तिसरं आयएसओ ९००१. ते संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीबद्दल असतं, कोर्सला मान्यता आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. तिन्ही कागद कदाचित खरेच असतील. पण मुलींना रुग्णसेवा शिकवायची परवानगी त्यातल्या एकातही नव्हती. दुकान नोंदवलेलं आहे म्हणजे कोर्स मान्यताप्राप्त आहे असं नव्हे, एवढं एक वाक्य तेव्हा कोणी कानात सांगितलं असतं तर!

फी सांगितली ७५,०००. “आजच सीट बुक केलीत तर ७,००० सूट.” आम्ही ८,००० रोख भरले. पावती मिळाली ती एका सेवाभावी संस्थेच्या नावाची, आणि त्यावर ‘देणगी’ असं लिहिलेलं. मामांनी विचारलं तर म्हणाल्या, ट्रस्टचं तसंच असतं हो, काळजी करू नका. राहिलेले ६०,००० हप्त्यांनी. आधार, पॅन, पासबुक घेतलं. माझ्याच मोबाइलवर पाठोपाठ ओटीपी आले आणि मी ते वाचून दाखवले. “हप्त्याचं रजिस्ट्रेशन आहे,” एवढंच सांगितलं होतं.

ते रजिस्ट्रेशन नव्हतं, माझ्या नावावरचं कर्ज होतं. एका फायनान्स कंपनीने क्लासला पैसे एकरकमी देऊन टाकले आणि माझ्या खात्यातून दरमहा ३,८५० रुपये आपोआप कापायला लागले. असे १८ हप्ते, म्हणजे ६९,३०० रुपये. क्लास सोडला तरी हप्ता सुटत नाही, क्लासला कुलूप लागलं तरी सुटत नाही. एकदा खात्यात पैसे नव्हते, तर बँकेचा दंड वेगळा आणि कंपनीचा वेगळा. आई धायरीला मावशीकडे राहून चार घरच्या पोळ्या करते, तिचा पगार झाला की दुसऱ्या दिवशी तो हप्त्यात जायचा.

तुम्हाला कोणी ‘हप्त्यात फी’ म्हणालं तर तिथेच विचारा: हप्ता संस्थेला द्यायचा की फायनान्स कंपनीला? कंपनीला असेल तर ते कर्ज आहे. त्याचा एक मुख्य माहितीचा तक्ता असतो, व्याज आणि सगळे आकार मिळून किती पडतं ते त्यात लिहिलेलं असतं आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तो कर्जदाराला द्यावाच लागतो. मोबाइलवरून घेतलेल्या अशा कर्जातून सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून बाहेरही पडता येतं. माझा तक्ता ईमेलवर आला होता. ते ईमेल खातं क्लासवाल्यांनीच माझ्या नावाने उघडलं होतं आणि पासवर्ड मला माहीत नव्हता.

दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला ‘पडताळणीसाठी’ म्हणून ठेवून घेतले. हे कधीच करू नका. झेरॉक्स द्या, मूळ कागद समोर दाखवा आणि परत पिशवीत ठेवा. कागद त्यांच्या कपाटात अडकले की मुलगी तोंड उघडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

शिकवण्याबद्दल लिहायला फार काही नाही. शिक्षिका सहा महिन्यांत तीन वेळा बदलल्या. झेरॉक्सच्या नोट्स. प्रॅक्टिकलच्या खोलीत एक खाट, एका हाताचा पुतळा आणि बीपीचं एक यंत्र. त्याचा फुगा गळका होता. हवा भरली की पारा चढायचा आणि मनगटावर बोट ठेवेपर्यंत खाली यायचा. आम्ही ३२ मुली रांगेत उभं राहून वहीत १२०/८० लिहायचो, कारण पुस्तकात तेच होतं. आणि त्या खोलीत पाण्याचा नळ नव्हता.

चौथ्या महिन्यात ‘इंटर्नशिप’. मला उपनगरातल्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये पाठवलं. रात्री आठ ते सकाळी आठ, एक पैसा न देता. त्या मजल्यावर रात्री नोंदणीकृत सिस्टर नसायची, आम्ही दोघी मुलीच असायचो.

एका रात्री सत्तरीच्या एका आजोबांची चादर बदलायची होती. त्यांना लघवीची नळी होती. कूस वळवताना पिशवी मधे येत होती म्हणून मी ती उचलून खाटेवर, त्यांच्या पोटाशी ठेवली. चादर बदलली, कोपरे नीट खोचले, मला बरं वाटलं. पिशवी तशीच राहिली. तासाभराने दुसऱ्या पेशंटची मुलगी, जी स्वतः एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये सिस्टर होती, तिथून जाताना थांबली. तिने आधी पिशवी उचलून खाटेच्या खालच्या दांडीला अडकवली आणि मग माझ्याकडे पाहिलं. “पिशवी मूत्राशयाच्या खालीच हवी. वर ठेवलीस की लघवी उलटी जाते, इन्फेक्शन होतं. हे तुला शिकवलं नाही?” नाही शिकवलं. नळीत मागे सरकलेलं ते पिवळं पाणी मला अजून दिसतं. आजोबांना नंतर ताप आला की नाही हे मला कळलं नाही, मी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर होते.

तिथेच मला कमरेत इंजेक्शन द्यायला लावलं. दोनदा. “अगं, वरच्या बाजूला टोचायचं, झालं.” जागा चुकली तर पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला इजा होऊ शकते, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. असिस्टंटचं ते कामच नाही. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्या दोन इंजेक्शनांचा विचार आला की मला आजही रात्री झोप लागत नाही.

सर्टिफिकेट मिळालं. सोनेरी किनार, वर दिल्लीतल्या कुठल्याशा ‘कौन्सिल’चं नाव. ते घेऊन मी एका मोठ्या हॉस्पिटलला मुलाखतीला गेले. मेट्रन मॅडमनी, म्हणजे तिथल्या सिस्टरांच्या प्रमुखांनी, कागद वाचला, उलटा करून मागे पाहिलं आणि विचारलं, “नोंदणी क्रमांक?” मी सर्टिफिकेटचा नंबर सांगितला. त्यांनी समोरची खुर्ची पुढे ओढली, मला बसवलं, पाणी दिलं. “बाळा, किती पैसे दिलेस?” मला रडू फुटलं.

त्यांनी जे समजावलं तेच इथे लिहितेय. सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसूतिका) दोन वर्षांचं, जीएनएम (सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्र) तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. शिकवणाऱ्या संस्थेला मान्यता लागते आणि पास झाल्यावर महाराष्ट्रात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. मान्यताप्राप्त संस्थांची राज्यवार यादी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे, कोणीही पाहू शकतं. रुग्णाला आंघोळ घालणं, भरवणं, उचलून बसवणं, तापमान-नाडी मोजून सिस्टरला कळवणं हे काम शिकायचं असेल तर त्याला जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणतात. त्याची परीक्षा हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलमार्फत होते, आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या केंद्रावर हे प्रशिक्षण मोफत मिळतं. मोफत! मी ज्यासाठी ६०,००० चं कर्ज काढलं ते.

अडकलेल्या मूळ कागदांसाठी क्लासला सहा फेऱ्या मारल्या. “आधी नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा दाखला) आणा” हेच ऐकवत राहिले. शेवटी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि तिची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी कागद मिळाले. तुमचे अडकले असतील तर घाबरू नका. गुणपत्रिका डिजिलॉकरवर मिळतात आणि बोर्डाकडून दुय्यम प्रतही काढता येते. माझे ते दोन महिने केवळ हे माहीत नसल्यामुळे गेले.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला होता. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, पण प्रकार घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. फायनान्स कंपनीला लेखी कळवलं, ३० दिवस वाट पाहिली, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेले. ती तक्रारही मोफत आहे, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. दोन्हीकडे अजून निकाल नाही आणि हप्ते चालू आहेत. तक्रारीला उपयोगी पडलं ते पत्रक, देणगीची पावती, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज आणि ‘इंटर्नशिप’च्या हजेरीच्या पानांचे फोटो. जे असेल ते आजच फोटो काढून दुसऱ्या कोणाकडे तरी पाठवून ठेवा.

सध्या मी मोफत केंद्रावर पुन्हा पहिल्यापासून शिकतेय. पहिला अख्खा दिवस हात धुण्यात गेला. साबण लावून ४० ते ६० सेकंद, बोटांच्या फटी, अंगठा, नखांची टोकं. मॅडम एकेकीच्या शेजारी उभ्या राहून मोजत होत्या.

जुन्या बॅचमधल्या ३२ पैकी नऊ जणींनी तक्रारीवर सही केली. बाकीच्यांचे कागद अजून तिथे आहेत, म्हणून त्या घाबरतात. त्यातल्या दोघी त्याच नर्सिंग होममध्ये आता आठ हजारांवर रात्रपाळी करतात. गेल्या रविवारी एकीला फोन केला होता. म्हणाली, “ताई, मी आता सलाईनपण लावते.” मी तिला म्हटलं, उद्या सकाळी ड्यूटी सुटली की थेट माझ्याकडे ये, आपण दोघी मिळून पोलीस ठाण्यात अर्ज देऊ. ती अजून आलेली नाही. मी परत फोन करणार आहे.