कॅम्पर व्हॅन विकली, पूर्ण पैसे मिळाले. नोंद मात्र माझ्याच नावावर राहिली

खासगीरीत्या गाडी विकणाऱ्याला सर्वांत मोठी भीती असते ती पैसे बुडण्याची. माझ्या व्यवहारात मात्र ठरलेली सगळी रक्कम बँक खात्यात जमा झाली आणि फसवणूक त्यानंतर सुरू झाली. झोपायची सोय, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी असलेली कॅम्पर व्हॅन मी जाहिरात देऊन विकली. खरेदीदार सभ्य होता आणि कागदपत्रांची त्याला चांगली जाण होती. गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची की पत्नीच्या, हे करसल्लागाराला विचारून ठरवतो, असे सांगून त्याने नमुना २९ आणि नमुना ३० (मालकी हस्तांतराची सूचना आणि अर्ज) यांवरील खरेदीदाराचा रकाना कोरा ठेवायला लावला आणि माझ्या सह्या घेऊन मूळ आरसीसह (नोंदणी प्रमाणपत्रासह) तो गाडी घेऊन गेला.

पुढे त्याने नव्या आरसीचे छायाचित्र मोबाइलवर पाठवले. त्यावर त्याचे नाव होते आणि गाडीचा क्रमांकही बरोबर होता. ई-चलानचे संदेश माझ्याच मोबाइलवर येऊ लागले, तेव्हा ते छायाचित्र मोठे करून पाहिले. चासी क्रमांकात शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर होते. चासी क्रमांक १७ अंक-अक्षरांचा असतो आणि शून्य व एक यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्यात ‘आय’, ‘ओ’ आणि ‘क्यू’ ही अक्षरे वापरलीच जात नाहीत. ते कार्ड बनावट होते. गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी ऑनलाइन ‘वाहन’ प्रणालीत मालक म्हणून अजून माझेच नाव होते.

हा गृहस्थ दलाल निघाला. अशा दलालांना गाडी स्वतःच्या नावावर करायचीच नसते. केली तर शुल्क भरावे लागते आणि मालकांची संख्या एकाने वाढून पुढचा भाव पडतो. म्हणून सही केलेले कोरे नमुने गाडीबरोबर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरला गाडी दिल्यास नमुना २९सी भरून तशी नोंद करता येते. साधा खरेदीदार असल्याचे भासवून आलेल्या दलालाच्या बाबतीत ते संरक्षण मिळत नाही.

चलानाचे पैसे हा त्यातला किरकोळ भाग. गाडीचा अपघात होऊन एक जण जखमी झाला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस माझ्या नावाने आली. विम्याची मुदत संपली होती आणि नवा विमा कोणीच उतरवला नव्हता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार ज्याच्या नावावर नोंदणी आहे तोच मालक समजला जातो. एकामागून एक विकल्या गेलेल्या गाडीच्या प्रकरणात, नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरले. करारनामा आणि बँकेचा उतारा मी दाखल केला आहे, परंतु या निकालापुढे त्यांचे वजन किती पडेल याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून गाडी विकणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, की खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख लिहिल्याशिवाय कोणत्याही नमुन्यावर सही करू नये, मग समोरचा कितीही घाई करो. विक्री त्याच राज्यात असेल तर कलम ५० प्रमाणे हस्तांतराची सूचना १४ दिवसांच्या आत आरटीओला द्यायची असते. ती खरेदीदारावर न सोडता स्वतः द्यावी आणि पोच जपून ठेवावी. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कर्ज फिटले असले तरी आरसीवरील बँकेचा बोजा नमुना ३५ देऊन आधी उतरवून घ्यावा. ताबा देताना दिवस आणि वेळ घातलेली पावती दोघांच्या सह्यांनी करावी, खरेदीदाराचे ओळखपत्र मूळ पाहून त्याची प्रत घ्यावी आणि विमा कंपनीला विक्री लेखी कळवावी. नाव बदलल्याची खात्री छायाचित्रावरून न करता ‘वाहन’ प्रणालीत गाडीचा क्रमांक टाकून स्वतः करावी. फास्टॅगही त्याच दिवशी बंद करावा, कारण तो विकणाऱ्याच्या खात्याशी जोडलेला राहिला तर दुसऱ्याच्या प्रवासाचा टोल त्याच्याच खात्यातून वजा होत राहतो.