गुडघ्यावर बसवणं सोडून तरंगत स्कूबा शिकवणं : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

स्कूबाच्या पहिल्या स्किल्स शिकवायची नेहमीची पद्धत म्हणजे कमरेला गरजेपेक्षा दोन-तीन किलो जास्त शिसं बांधायचं, पोट्ट्यांना पूलच्या तळाशी ओळीनं गुडघ्यावर बसवायचं आणि एकेकाकडून मास्क क्लिअर (मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं), रेग्युलेटर रिकव्हरी (ज्यातून श्वास घेतो ते तोंडातून सुटलेलं रेग्युलेटर परत शोधून घेणं), जोडीदाराच्या ऑक्टोपसवरून, म्हणजे त्याच्या जादा रेग्युलेटरवरून, हवा घेणं, असं सगळं करून घ्यायचं. गेल्या दिवाळीच्या थोडं आधीपासून मी हे बंद केलं आणि पहिल्या दिवसापासून सगळं आडवं, तरंगत शिकवायला लागलो. दोन्ही पद्धतींनी भरपूर शिकवून झालं आहे म्हणून हा अनुभव लिहून राहिलो, खास करून आपल्यासारखं तलावात शिकवणाऱ्यांसाठी, कारण समुद्रवाल्यांचे व्हिडिओ पाहून आपले प्रश्न सुटत नाहीत.

मी भंडारा जिल्ह्यातला. मालवणला काही सीझन काम केलं, तिथंच इन्स्ट्रक्टर झालो, आता गावाकडंच असतो. शिकायला येणारे दोन प्रकारचे. एक म्हणजे नागपूरची नोकरदार मंडळी, ज्यांनी तारकर्लीला एकदा स्कूबा केलेलं असते आणि आता नीट कोर्स करायचा असते. दुसरी आमची मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाची पोरं, ज्यांचं बालपणच मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) आणि वैनगंगेत गेलं आहे, आणि नदीला पूर आला, कोणी बुडालं तर गावात सगळ्यात आधी हाक यांनाच मारतात. माझा जीव खरं तर या दुसऱ्या लोकांत जास्त आहे. शोधकार्य हा वेगळा आणि पुढचा कोर्स, नुसत्या ओपन वॉटरच्या, म्हणजे पहिल्या बेसिक कोर्सच्या, कार्डावर कोणीही पुरात उतरू नये, पण पाया पक्का असला तरच पुढचं काही शिकवता येते ना.

बेसिक आधी तालुक्याच्या पूलमध्ये, मग थंडीत तलावात. आणि तलावात गेलं की गुडघ्यावाली पद्धत पहिल्याच मिनिटाला मोडते. आपल्याकडच्या जुन्या तलावांचा तळ म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साचलेला गाळ. दिवाळीनंतर पाणी निवळलेलं असते, वरून हातभर-दोन हात स्वच्छ दिसते, पण चार जणांनी खाली गुडघे टेकवले की असा काही धुरळा उठते की स्वतःचं प्रेशर गेज डोळ्यासमोर धरलं तरी आकडा दिसत नाही आणि तो गाळ खाली बसायला अर्धा-पाऊण तास जाते. नवीन माणसाला मास्क काढायला सांगायचं आणि परत घातल्यावर त्याला समोर फक्त तपकिरी अंधार दिसायचा, याच्यासारखी भीती घालायची दुसरी पद्धत नाही. सुरुवात मी या कारणानं केली. पण काही महिने वापरल्यावर कळलं का गाळ हे छोटं कारण होतं.

मोठं कारण श्वास. आमची ढिवराची पोरं पाण्याला अजिबात भीत नाहीत, शिंगाड्याच्या वेलात, जाळ्याच्या खाली एका दमात जाऊन येतात. म्हणजे पाण्याखाली गेलं की दम धरायचा ही सवय त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेली आहे. आणि स्कूबामध्ये सगळ्यात पहिला नियम काय, तर दम कधीच धरायचा नाही. दम धरून खाली गेलेल्या माणसाच्या छातीत वरून नेलेलीच हवा असते, वर येताना ती फुगून जेवढी होती तेवढीच होते. टाकीतून घेतलेली हवा मात्र त्या खोलीच्या दाबाची असते. १० मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट, तिथं छाती भरून घेतली आणि दम धरून वर आलं तर तीच हवा दुप्पट जागा मागते. हे फक्त खोल पाण्यात होते असंही नाही, छाती पूर्ण भरलेली असेल तर जेमतेम सव्वा मीटर वर येण्यातही फुप्फुस फाटू शकते, म्हणजे तालुक्याच्या पूलमध्येसुद्धा.

आता हाच पोरगा गुडघ्यावर, वरून तीन किलो जादा शिसं. तो मास्क काढतो, दम धरतो, मास्क घालतो, पाणी काढतो, ओकेचा इशारा करतो. इन्स्ट्रक्टरला काय दिसलं? स्किल झाली. दम धरला होता ते त्या शिशानं झाकून टाकलं. तरंगत करून घेतलं की असं काही झाकल्याच जात नाही. छाती पूर्ण भरलेली आणि पूर्ण रिकामी यात तीन-चार लिटरचा फरक पडते आणि गोड्या पाण्यात एक लिटर म्हणजे एक किलोचा उचल, त्यामुळे दम धरला की माणूस तिथल्या तिथं वर सरकायला लागते. मागच्या थंडीत एक पोरगा होता, पोहण्यात पूर्ण बॅचमध्ये एक नंबर. मास्कच्या पट्ट्याला हात लावला की याचे फिन्स (पायातले वल्ह्यासारखे पंजे) तळापासून सुटायचे, बोट, मग वीतभर, मग हातभर, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून थांबवायचो. वर येऊन म्हणे, "सर, मी तं श्वास घेऊनच राहिलो होतो ना." त्याला खरंच तसंच वाटत होतं. मग त्याला सांगितलं, मास्कला हात लागला की घशातून "ऊंऽऽ" असा आवाज काढायचा, आवाज चालू म्हणजे बुडबुडे चालू. त्याचा हात मास्कवर, माझा हात त्याच्या बरगडीवर, आणि दोन-तीन फेऱ्यांनी तो जागच्या जागी राहायला लागला. स्वतःच म्हणाला, "आता समजलं सर, घेतला का वर जातो, सोडला का खाली." हे त्याला मी फळ्यावर आधीच सांगितलं होतं, पण समजलं ते तेव्हा.

आता हे जमवायचं कसं, तर सगळं वजनावर आहे. पहिला पूर्ण तास मी फक्त वजनावर घालवतो आणि मला तो वाया गेला असं कधीच वाटलं नाही. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) रिकामी, रेग्युलेटर तोंडात, साधा श्वास घेऊन थांबलं तर पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडला की हळूच खाली गेलं पाहिजे. श्वास थांबवणं फक्त या तपासणीपुरतं आणि पृष्ठभागावरच, हे दरवेळी बजावून सांगतो. ११.१ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरली की आत साधारण २२०० लिटर हवा, तिचं वजन अडीच किलोच्या पुढं, आणि ५० बार उरेपर्यंत त्यातली दोन किलो आपण श्वासातून संपवलेली असते. म्हणून भरल्या टाकीवर तपासलं तर वर दोन किलो धरावं लागते, नाही तर डाइव्हच्या शेवटी माणूस वर ओढल्या जाते. मालवणवरून आलेले लोक लॉगबुक उघडून "मला आठ किलो लागते" म्हणतात, त्यांना इथं दोन-अडीच किलो कमी करायला लावतो कारण समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड असते. उलट पूलमध्ये पातळ सूट आणि डिसेंबरच्या सकाळी तलावात ५ मिलिमीटरचा सूट, तर वजन परत वाढते. प्रत्येकाची वही केली आहे, सूट कोणता, टाकी कोणती, पाणी कोणतं, किलो किती.

मग ट्रिम, म्हणजे पाण्यात अंग आडवं, सपाट ठेवणं. सगळं शिसं कमरेला बांधलं की पाय खाली जातात आणि माणूस उभा होते, विशेषतः आपली मजबूत मांड्यांची पोरं. एक-दोन किलो बेल्टवरून काढून टाकीच्या वरच्या पट्ट्यावर टाकले किंवा टाकीच चार बोटं वर सरकवली की माणूस आडवा होते. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेनं २०१३ मध्ये ओपन वॉटर कोर्स बदलला तेव्हा ट्रिमवर जोर आला, पण बऱ्याच ठिकाणी ते लेक्चरपुरतंच राहिलेलं दिसते.

आडवं झाल्यावर काही स्किल्स उलट सोप्या झाल्या, याची मला अपेक्षा नव्हती. रेग्युलेटर रिकव्हरी घ्या. गुडघ्यावर बसलेल्याच्या तोंडातून रेग्युलेटर सुटलं की नळी उजव्या खांद्यामागं जाते, म्हणून ते वाकून, हात मांडीला घासून मागून फिरवायचं वगैरे. आडव्या माणसाचं रेग्युलेटर सरळ खाली, छातीखाली लोंबते, डोळ्यासमोर. हात फिरवायचा तो मी शिकवतोच, पण घबराट निम्मी झाली. मास्क क्लिअरमध्ये मान मागं टाकायची गरज नाही, नजर थोडी पुढं, फ्रेमचा वरचा भाग दाबायचा आणि नाकातून हळू, लांब सोडायचं. जोरात फुंकलं की हवा बाजूनं निघून जाते आणि माणूस रिकाम्या छातीनं खाली जाते, ते त्याला लगेच कळते. इकडं मिशा ठेवायची पद्धत आहे, मास्क गळते, तर नाकाखालची बारीक रेघ कापून घ्यायला सांगतो, बाकी मिशी तशीच राहते आणि नाराजीही होत नाही.

हवा वाटून घेणं मात्र अवघड जाते. दोघं समोरासमोर आडवे, एकानं घाबरून मोठा श्वास घेतला की दोघंही वर. पण खऱ्या पाण्यात हवा संपल्यावर गुडघे टेकायला तळ कुठं मिळणार आहे? म्हणून मी यावर जास्तीचे तास देतो. वेट बेल्ट काढून परत घालणं मी तरंगत करून घेत नाही, ते पृष्ठभागावर आणि पूलच्या तळाशीच, हट्ट करून उपयोग नाही.

त्रासाचं सांगायचं तर पहिली गोष्ट वेळ. पहिली दोन सेशन्स रखडल्यासारखी वाटतात, गुडघ्यावाल्यांची बॅच तोपर्यंत निम्मी यादी संपवून बसलेली असते. तिसऱ्या-चौथ्यापासून आपण पुढं निघतो, कारण हॉवर (एका जागी तरंगत राहणं) आणि फिन पिव्हट (फिन्सची टोकं तळाला टेकवून श्वासावर वर-खाली होणं) वेगळं शिकवायची गरजच उरत नाही, आणि तलावात नेल्यावर पोट्टे सायकलसारखे पाय मारत नाहीत. दुसरं, मोठी बॅच जमत नाही. ओपन वॉटरमध्ये नियमानं एका इन्स्ट्रक्टरमागं आठ चालतात, पण आमच्या पाण्यात मी दोनच नेतो, फार तर मदतीला सर्टिफाइड डाइव्हमास्टर असला तर चार. पैशाच्या दृष्टीनं हे परवडत नाही हे खरं आहे, फी त्यामुळे जास्त ठेवावी लागते आणि गावातल्या पोरांसाठी ती कमी करावी लागते, त्याचा मेळ अजून बसवूनच राहिलो आहे. तिसरं, पाण्यालाच भिणारा माणूस. त्याला पहिल्या दिवशी खाली पायाला काहीतरी लागलेलं हवं असते. अशांना मी छातीभर पाण्यात पालथं झोपवतो, फिन्सची टोकं फरशीवर टेकलेली, आणि फक्त श्वास. गुडघ्यावर तरीही बसवत नाही.

एक साधी गोष्ट फार कामाची ठरली. जाड पांढरी दोरी. तलावात दोन डब्यांचे तरंगते आणि खाली वजन लावून, तळापासून दीड मीटरवर आडवी ताणून बांधतो. गढूळ पाण्यात वर-खाली कळतच नाही, तरंगत राहायला डोळ्याला काहीतरी रेषा लागते, ती ही. पकडायची नाही, पाहायची. दोरी ढिली राहिली तर अडकायची भीती, त्यामुळे ताण रोज तपासतो आणि प्रत्येकाजवळ लाइन कटर असते, तसंही आपल्या तलावांत फाटक्या जाळ्या कुठं लटकलेल्या असतील सांगता येत नाही.

उन्हाळ्याचं थोडं. मे महिन्यात गाडीत ठेवलेल्या टाक्या इतक्या तापतात की गेज २०० दाखवते आणि पाण्यात शिरल्यावर पाच-दहा मिनिटांत पंधरा-सोळा बार कमी. पोट्टे घाबरतात, हवा गळून राहिली म्हणतात. गळती पाहूनच घ्यायची, टाकीच्या तोंडाशी असलेल्या रबरी ओ-रिंगला बुडबुडे नाहीत ना, पण बहुतेक वेळा नुसती थंड झालेली हवा असते. टाक्यांवर ओलं पोतं टाकून ठेवतो. गावात कॉम्प्रेसर नाही, हवा शहरातून भरून आणावी लागते. काही जण विचारतात की टायरच्या कॉम्प्रेसरवर भरता येते का. अजिबात नाही, त्याचा दाब तर पुरत नाहीच, शिवाय त्यातून तेलाची वाफ फुप्फुसात जाईल. श्वासासाठीचा, फिल्टर असलेलाच कॉम्प्रेसर पाहिजे.

कोणाला वापरून पाहायचं असेल तर आधी पूलमध्ये, दोनच विद्यार्थी घेऊन, आणि जुन्या पद्धतीनं पास झालेला एखादा जण परत बोलावून त्याच्यापासून सुरू करा. त्याला तरंगत मास्क काढायला सांगा आणि फक्त फिन्सकडं पाहत राहा. आणि स्वतःच्या बेल्टवरचं जादा शिसं आधी उतरवा, डेमो देताना सर तळाला टेकले की मागची सगळी पोरं टेकतात.