घरच्या बाणाची दांडी: बांबू, पाइन की सीडर?

धनुष्य वर्षानुवर्षं टिकतं. बाण मोडतात, गवतात हरवतात, पावसाळ्यात वाकतात. त्यामुळे पारंपरिक धनुर्विद्येत रमलेल्या माणसापुढे सहा-आठ महिन्यांत हा प्रश्न येतोच: बाण घरी करायचे तर दांडी कशाची घ्यायची? मी तिन्हींवर हात चालवला आहे. बुरुडाकडचा बांबू, लाकूडबाजारातला पाइनचा डॉवेल म्हणजे यंत्रावर गोल केलेला दांडा आणि परदेशातून आलेली सीडरची दांडी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धनुष्य ३० ते ४० पौंडांचं आहे (दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर), तुम्ही महाराष्ट्रात राहता आणि हाताशी चार-पाच महिन्यांचा धीर आहे, तर बांबू घ्या. लवकरात लवकर सगळे बाण एका जागी बसवायचे असतील आणि खर्चाची तयारी असेल तर सीडर. पाइन शिकण्यापुरता, म्हणजे पहिल्या सहा बाणांसाठी.

असं का, ते कळायला आधी स्पाइन समजून घ्यावा लागतो. सोडल्याक्षणी दोरीचा सगळा जोर दांडीच्या मागच्या टोकावर येतो आणि दांडी धनुकलीसारखी वाकते. साध्या लाकडी धनुष्याला मधोमध खिडकी, म्हणजे बाण सरळ जावा म्हणून मुठीवर कापलेली जागा, नसते, म्हणून बाणाला मुठीच्या बाजूने वळसा घालून पुढे सरळ व्हावं लागतं. दांडी फार ताठ असली तर वळसा पुरता होत नाही, फार लवचीक असली तर ती गरजेपेक्षा जास्त लवते. हा ताठपणा म्हणजेच स्पाइन. तो मोजायला फार काही लागत नाही. दोन टेकूंमध्ये ६६ सेंटिमीटर अंतर ठेवा, दांडी आडवी टाका आणि बरोबर मध्यावर ९०७ ग्रॅम वजन लटकवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याची बाटली अडकवायच्या हुकासकट तेवढी भरली की काम झालं. दांडी किती मिलिमीटर खाली आली ते पाहा आणि त्या आकड्याने ६६० ला भागा. १३.२ मिलिमीटर आली तर स्पाइन ५० पौंड, १६.५ आली तर ४०. खिडकी नसलेल्या ४० पौंडी धनुष्यासाठी मी ३५ ते ४० च्या दांड्या निवडतो. एका संचातल्या बाणांत पाच पौंडांपेक्षा जास्त फरक राहू देत नाही, आणि वजनात एका ग्रॅमपेक्षा जास्त नाही.

आता पाइन. पुण्याच्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी ८ ते ९ मिलिमीटर जाडीचे डॉवेल मिळू शकतात. दिसायला ते अगदी सरळ असतात आणि घात तिथेच होतो. डॉवेल यंत्रावर गोल होतो. लाकडाच्या रेषा कुठे चालल्या आहेत याच्याशी त्या यंत्राला काही देणंघेणं नसतं. रेषा दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न जाता मधेच कडेला बाहेर पडत असतील तर ती दांडी तिरकी चिरते, आणि तुटलेलं टोक थेट धनुष्य धरलेल्या हाताकडे येतं. माझा अशा लाकडाचा पहिला बाण सुटताना मोडला आणि त्याचं कुसळ अंगठ्याच्या मुळाशी घुसलं. नंतर उरलेले तुकडे उजेडात धरले तेव्हा रेषा जेमतेम वीतभर जाऊन बाहेर पडलेल्या दिसल्या. तेव्हापासून दुकानात उभं राहून प्रत्येक डॉवेल फिरवून बघतो. वीस काढले तर चार-पाच हाती लागतात. दुकानदार कंटाळतो, पण हे टाळता येत नाही.

सागाचे डॉवेलही मिळतात आणि मोह होतो. साग जड आहे. साधारण ८.७ मिलिमीटर जाडीची ७६ सेंटिमीटर दांडी सागाची केली तर तिचंच वजन ३० ग्रॅमच्या आसपास जातं, तेवढीच सीडरची दांडी १९-२० ग्रॅममध्ये बसते. टोक आणि पिसं धरून सागाचा बाण ४० ग्रॅमकडे जातो. ३५-४० पौंडांच्या धनुष्यातून असा बाण तीस मीटरपर्यंत जाताना फार खाली येतो. साग दारं-खिडक्यांना राहू द्या.

सीडर म्हणताना इथे पोर्ट ऑर्फर्ड सीडर अभिप्रेत आहे. अमेरिकेच्या ओरेगॉनचा नैर्ऋत्य भाग आणि त्याला लागून असलेला उत्तर कॅलिफोर्निया एवढ्याच पट्ट्यात हे झाड मूळचं आहे. घासताना आल्यासारखा तिखटसर वास येतो. लाकूड हलकं, रेषा सरळ, आणि वजनाच्या मानाने ताठ. म्हणून विसाव्या शतकात तिकडच्या लाकडी बाणांसाठी ही जवळजवळ ठरलेलीच निवड होती. बुरशीसारख्या एका जीवामुळे मुळांना लागणाऱ्या रोगाने ही झाडं मोठ्या प्रमाणावर मेली, त्यामुळे चांगली दांडी आता महाग आहे. तिचा खरा फायदा वेगळाच आहे. ती स्पाइननुसार वर्गवारी करून विकली जाते. मागवलेल्या डझनभर दांड्या एकमेकींच्या बहिणी असतात, निवडण्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. मात्र ती नाजूक आहे. दगडावर आदळली की टोकामागे दोन बोटांवर मोडते. कोकणातल्या जुलैत वाकतेही. हाताने गरम करून, दाबून सरळ करता येते, पण ओल लागली की पुन्हा वाकते.

सीडरशिवाय बाण होत नाही असं मात्र मुळीच नाही. १५४५ साली बुडालेलं आणि १९८२ साली वर काढलेलं इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज घ्या. त्यात साडेतीन हजारांच्या आसपास बाण सापडले आणि त्यांतले बहुतेक पॉप्लरचे होते. ते लोक हाताशी असलेलं सरळ रेषेचं लाकूड वापरत होते. आपल्या हाताशी बांबू आहे.

बांबूवर थोडं जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त चुकाही त्यातच होतात आणि समाधानही त्यातच आहे. दोन वाटा आहेत. एक म्हणजे अख्खी बारीक काडी. कोकणात चिवार हा बारीक बांबू मिळतो, त्यातल्या ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या, किमान दोन वर्षं जुन्या, सरळ काड्या निवडायच्या. दुसरी वाट म्हणजे मेस जातीचा बांबू चिरून. मेस कोरड्या डोंगरावर वाढलेला असेल तर जवळजवळ भरीव असतो. कोयत्याने त्याच्या बोटभर जाड कामट्या काढायच्या आणि रंध्याने, मग पॉलिश पेपरने गोल करायच्या. पुण्यातल्या बुरूड आळीत आपल्याला काय हवंय ते नीट सांगितलं की जाड सालीचा मेस काढून देतात. खाजगी जमिनीतल्या बांबूवरची तोडीची बंधनं २०१७ च्या कायदेबदलाने गेली आहेत. वनक्षेत्रातला बांबू मात्र परवानगीशिवाय तोडू नये.

पाऊस सरल्यावर तोडलेला बांबू घ्या आणि तीन-चार महिने सावलीत उभा वाळवा. ओला बांबू गरम करून सरळ केला तर आठवडाभरात पुन्हा वाकतो, ही पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे फार उष्णता. निखाऱ्यांवर दांडी सतत फिरवत राहायची, साल किंचित चमकू लागली की काढायची, वाक आहे त्याच्या उलट्या दिशेला थोडी जास्त वाकवायची आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. आधी गाठी सरळ करायच्या, मग मधली पेरं. एका दांडीला पाऊण तास सहज जातो. पहिल्या डझनातल्या निम्म्या दांड्या वाया जातील, तेवढ्या जास्त घ्या.

खाचेचं गणितही बांबूत वेगळं आहे. दोरी बसते ती खाच गाठीच्या मागे अशी कापायची की खाचेचा तळ गाठीपाशी येईल. गाठ चिरेला अडवते. लाकडाच्या दांडीत वार्षिक वलयांच्या रेषांना काटकोनात खाच घेतात, म्हणजे दांडीची ताठ बाजू धनुष्याला टेकते. दोन्हींत खाचेखाली दोरा घट्ट गुंडाळून गोंद लावायचाच, नाहीतर दोरी एक दिवस दांडी उभी चिरते. चिरून केलेल्या मेसात सालीची बाजू जास्त ताठ असते, तीच धनुष्याकडे येऊ द्या. अख्ख्या काडीत मोजणीच्या टेकूंवर दांडी फिरवून ताठ बाजू शोधावी लागते. जाड टोक पुढे, बारीक मागे, म्हणजे वजन पुढे राहतं.

पिसं तिन्हीला सारखीच. टर्कीची किंवा बदकाची, पण एका बाणाची तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखातली. उजव्या-डाव्यांची सरमिसळ केली तर बाण नीट फिरत नाही. रानपाखरांची पिसं नकोत, कायद्यानेही आणि मनानेही.

जुळवणी करताना फरक स्पष्ट कळतो. दहा पावलांवरून, मऊ ठोकळ्यावर, पिसं न लावलेला एक बाण सोडा. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसाचा बाण पिसांच्या बाणांपेक्षा उजवीकडे पडला तर दांडी लवचीक आहे, डावीकडे पडला तर ताठ. लवचीक दांडी अर्ध्या इंचाने आखूड करा किंवा टोक हलकं लावा. ताठ असेल तर १०० ग्रेनऐवजी १२५ ग्रेनचं, म्हणजे सुमारे ८ ग्रॅमचं टोक लावा, नाहीतर मधला भाग पॉलिश पेपरने हळूहळू उतरवा. सीडरमध्ये दोन-तीन बदलांत जमतं आणि तेच मोजमाप पूर्ण डझनाला लागू पडतं. बांबूत प्रत्येक बाणाशी वेगळं बोलावं लागतं. मात्र माझ्या अनुभवात बांबू स्पाइनच्या थोड्या चुका खपवून घेतो. वळसा घालून लवकर सरळ होतो आणि सीडरला जिथे तीन पौंडांचा फरक दिसतो तिथे बांबूला दिसत नाही.

२०२३ मध्ये बर्लिनला आपले तिरंदाज अदिती स्वामी आणि ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात, जगज्जेते झाले आणि आपल्याकडे मुलं त्या धनुष्याकडे ओढली गेली. घरात तसं धनुष्य असेल तर लाकडी किंवा बांबूचा बाण त्यातून कधीही सोडू नका. तो धक्का या दांड्यांसाठी नाही.

आणि दांडी कुठलीही घेतलीत तरी नेमबाजीच्या दिवशी प्रत्येक बाण सोडण्याआधी दोन्ही हातांनी किंचित वाकवून कानाशी धरा. बारीकशी करकर आली तर तो बाण तिथेच मोडून टाका, दुरुस्त करायला घरी नेऊ नका. जूनमध्ये, पहिल्या पावसाआधी, दांड्यांवर जवसाच्या तेलाचा एक हात द्या आणि बाण भिंतीला टेकवून न ठेवता टोकं खाली करून लटकवा.