कॅम्परव्हॅनमध्ये गॅस की इंडक्शन? गोव्याच्या पावसात दोन्ही वापरून

सीट काढून बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवायची, इथवर सगळ्यांचं ठरलेलं असतं. अडतं ते चुलीपाशी. फोंड्यातले माझे दोन मित्र जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन सध्या याच प्रश्नावर अडलेत. मी दोन पावसाळे गॅसवर काढले आणि मग इंडक्शन घेतलं, म्हणून लिहितोय.

शेगडी बाहेर मांडू, हा विचार आपल्याकडे सोडून द्या. २०१९ पासून गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड होतो. चूल गाडीतच हवी.

कागदपत्रांचं काम दोन्हीकडे सारखंच. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आधी मंजुरी लागते. न घेता केला तर कलम १८२ अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. बॉडी बांधणाऱ्याला पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

गॅसच्या बाजूने बोलायचं तर ५ किलोचा सिलिंडर सहज मिळतो आणि उकड्या तांदळाची पेज कितीही वेळ रटरटू दिली तरी चिंता नसते. मात्र एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद करून त्याला खाली, गाडीबाहेर उघडणारी जाळी लागते. सिलिंडर उभाच बांधायचा, रबरी नळीवरची तारीख बघायची. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे भेटतील, पण ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारंही.

हे सगळं मी नीट केलं होतं. तरी ओल हटेना. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड लीटर पाणी वाफ होऊन हवेत येतं. भांड्यातली वाफ वेगळी, ती इंडक्शनवरही असते. ज्योत चालू असताना खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडची भीती. आषाढात उघडी ठेवली की पाऊस आत. केरीला एका रात्री भात आणि हूमण केलं, खिडकी बोटभर उघडी होती. पहाटे छताच्या पत्र्यावरून थेंब बायकोच्या उशीवर पडत होते. गादी उचलून पाहिली तर खालच्या फळीवर काळे ठिपके, हाताला बुळबुळीत. फळी उन्हात टाकावी तर ऊन कुठलं? बायकोला दम्याचा त्रास आहे. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

इंडक्शनमध्येही धोका आहे, फक्त तो वायरीत आहे. १२ व्होल्टवर १,८०० वॅट ओढायचे म्हणजे १५० अँपिअरच्या वर. वायर बारीक असेल तर तापून वितळते. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. माझ्या पहिल्या इलेक्ट्रिशियनने वायरींच्या टोकांना साधे तांब्याचे लग, म्हणजे जोडायच्या कड्या, बसवले होते. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत एका मोसमात त्यांच्यावर हिरवट थर चढला आणि जोड हाताला गरम लागू लागला. कलई केलेले लग घेऊन वरून स्लीव्ह चढवली, तेव्हापासून त्रास नाही. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्या. १०० अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांवर कुकर लावून आमचं दोघांचं दोन दिवसांचं जेवणखाण निघतं. पावसात सोलरवर विसंबू नका. चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा चार्जर बसवून घ्या.

खर्च इंडक्शनचा बराच जास्त, हे मान्य. फक्त नोव्हेंबर ते मार्च फिरणार असाल, किंवा आठवडाभर एकाच जागी मुक्काम करणार असाल, तर गॅस वाईट नाही. तो लावलाच तर दर सहलीआधी जोडांवर साबणाचं पाणी फिरवा. पण पावसाळ्यात चोर्ला घाटाच्या धुक्यात किंवा सत्तरीच्या बाजूला गाडीत झोपायचं असेल, तर मी तरी दुसऱ्यांदा गॅस बसवणार नाही.

मित्रांना एवढंच सांगितलंय की पत्रा कापण्याआधी आराखडा परिवहन कार्यालयात दाखवा. सिलिंडरचा कप्पा काढून टाकायचा म्हटलं की पुन्हा वेल्डिंग आलं. माझा अजून तसाच आहे, त्यात आता चपला राहतात.