बिलावर वॉलनट, हातात शिरीष

बाराबोरी बंदुकीच्या लाकडी दस्त्याची मान, म्हणजे मुठीत धरायचा बारीक भाग, तडकली की नवा ठोकळा शोधायची पाळी येते. अशाच एका गिऱ्हाइकाला भर पावसाळ्यात ठोकळा विकला गेला: चॉकलेटी, काळ्या रेषांचा, बिलावर ‘वॉलनट’. त्याला वाटलं काश्मिरी अक्रोड. निघाला शिरीष, तोही अर्धाओला. दिवाळीनंतर दस्ता आटला आणि ॲक्शनच्या, म्हणजे बंदुकीच्या लोखंडी यंत्रणेच्या, मागे चीर गेली. भांडायला गेल्यावर उत्तर तयार होतं: लाकडाच्या व्यापारात शिरिषाला ‘ईस्ट इंडियन वॉलनट’ म्हणतातच. ते खरंही आहे, त्यामुळे भांडण तिथेच संपलं. बिलावर ‘अक्रोड’ असंच लिहून घ्यावं.

दोन्ही लाकडं वजनाला जवळपास सारखी, रंग तर चढवताही येतो. म्हणून ठोकळ्याच्या टोकाला धारदार पटाशीनं नखाएवढी जागा साफ कापावी आणि दहापट भिंगातून बघावी. शिरिषाची छिद्रं मोठी, विरळ आणि प्रत्येकाभोवती फिकट कडं. अक्रोडाला तसं कडं नसतं. त्याची छिद्रं वर्षाच्या वलयात आधी मोठी, पुढे हळूहळू बारीक होत जातात. रंधा मारला तरी फरक कळतो. शिरिषाचे तंतू पट्ट्यापट्ट्यानं उलटसुलट असतात. एक पट्टा गुळगुळीत निघतो, शेजारचा उपसतो. पकडीसाठी मानेवर जाळी कोरताना याच जागी कण उडतात. शिरिषाच्या भुशानं शिंकाही येतात. वखारीतल्या कोणालाही हे ठाऊक असतं, विकताना मात्र आठवत नाही.

काळ्या रेषांवर स्पिरिटचा बोळा फिरवावा. बोळा काळा झाला तर रेषा हातानं काढलेल्या. पोटॅशियम परमँगनेटचा तपकिरी रंग मात्र स्पिरिटला दाद देत नाही. तिथे मिलीमीटरभर खरवडलं की रंगाखालचं पांढरं लाकूड दिसतं. भुंगा लागतो तो खोडाच्या याच बाहेरच्या पांढऱ्या भागाला. सुईनं टोचल्यासारखी भोकं आणि मैद्यासारखी पूड दिसली तर ठोकळा हातातही घेऊ नये.

ओलाव्याची फसवणूक सगळ्यात महागात पडते, कारण ती कळेपर्यंत दस्ता बसवून झालेला असतो. हवेवर सुकायला दर इंच जाडीला साधारण वर्ष लागतं, म्हणजे अडीच इंची ठोकळ्याला अडीच-तीन वर्षं. विक्रेता ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया वरच्या पृष्ठभागात टोचून 8 टक्के दाखवतो. किनाऱ्यावरच्या हवेत उघड्यावर पडलेलं लाकूड उन्हाळ्यातही 12-13 टक्क्यांखाली सहसा जात नाही, पावसाळ्यात 17-18 वर असतं. मग 8 आले कुठून? नुकतंच तापवलेलं असतं, किंवा मीटर दुसऱ्या जातीच्या लाकडासाठी लावून ठेवलेला असतो. टोकाचे 2 सेंटिमीटर कापून ताज्या छेदाच्या मधोमध सुया टोचायला सांगाव्यात. टोकांना मेण लावणं चुकीचं नाही, त्यानं भेगा पडत नाहीत. पण पडलेल्या भेगाही त्याखाली झाकतात. कापल्यावर दोन्ही गोष्टी उघड होतात. कापू देत नसेल तर सौदा सोडावा.

20 टक्क्यांवरून 12 वर येताना अक्रोड रुंदीत दीड-दोन टक्के आटतो, म्हणजे 6 सेंटिमीटरला साधारण मिलीमीटरभर. ॲक्शन आणि लाकूड यांच्यात तेवढी फट पडली की बार उडतानाचा धक्का सगळ्या लाकडावर न पसरता एखाद्या कोपऱ्यावर बसतो आणि तिथूनच चीर धावते. ठोकळा घेतलाच असेल तर फेब्रुवारी ते मे दर आठवड्याला किराणा काट्यावर तोलावा. कोरडं वजन 2.6 किलो असलेला ठोकळा 20 वरून 12 टक्क्यांवर येताना 200 ग्रॅम उतरतो. तीन-चार आठवडे काटा हलला नाही की मगच काम काढावं.

नक्षीदार लाटांना भुलून घेतलेला ठोकळा पुष्कळदा मानेतच मोडतो. लाटा खांद्याकडच्या भागात असू द्याव्यात. मान जिथे येणार तिथे बाजूनं बघताना तंतू मानेच्या लांबीबरोबर सरळ हवेत. ते तिरके वर निघून जात असतील तर तिथे जोर राहत नाही. पुठ्ठ्याचा दस्त्याचा आराखडा बरोबर न्यावा आणि ठोकळ्यावर ठेवून बघावा. गाठ मानेत येत असेल तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नये.

‘बंदूक ठेवून जा, दस्ता बसवून देतो’ असं वखारीत कुणी म्हणालं तर ठेवू नये. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. ठोकळा तेवढा आणावा आणि बसवायला परवानाधारक कारागिराकडे द्यावा. तोही आधी टोक कापूनच बघेल.